अर्धवट प्रोब, मागे राहिलेला इंटरप्ट: कुपवाडमधल्या एका ड्रायव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

द्राक्षाचा हंगाम सरत आला की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात शेडवर वाळलेला बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये जातो. तिथं तो महिनोन्‌महिने राहतो आणि शेतकरी दर बघून थोडा थोडा माल सौद्याला काढतो. खोलीतली उष्णता किंवा दमटपणा वाढला की हिरवा बेदाणा काळपट पडतो, आणि रंग गेला की दरही जातो. त्यामुळे स्टोरेजवाल्यांना खोलीचं तापमान रात्री-अपरात्रीही मोबाईलवर दिसायला हवं असतं.

कुपवाड एमआयडीसीतला एक छोटा कारखाना असे देखरेखीचे पॅनेल बनवतो. पॅनेलमध्ये 64-बिट आर्म प्रोसेसरचं बोर्ड आहे. त्यावर लिनक्सचं 5.10 कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालतं, म्हणजे डिसेंबर 2020 मध्ये आलेली, दीर्घ मुदतीच्या देखभालीची आवृत्ती. खोल्यांतल्या सेन्सरचे सिग्नल एक एडीसी चिप मोजते, म्हणजे त्यांचे आकडे करते. ही चिप एसपीआय बसवर, म्हणजे चिप आणि प्रोसेसरला जोडणाऱ्या तारांवर, आहे. तिचा वीजपुरवठा कर्नलला चालू-बंद करता येईल अशा रेग्युलेटरमधून येतो, आणि ‘नवीन माप तयार आहे’ हे सांगणारी एक तार तिच्याकडून प्रोसेसरच्या इंटरप्टला जाते. इंटरप्ट म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवून लक्ष द्यायला लावणारी हाक. या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला ती चालवता यावी म्हणून लागणारा कोड, कारखान्यानं स्वतः लिहिला होता. काही शे ओळींचं, कर्नलमध्ये घालता-काढता येणारं मॉड्यूल, वाचायला सोपं, नीट इंडेंट केलेलं.

त्या ड्रायव्हरच्या प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे चिप ताब्यात घेताना कर्नल चालवतं त्या भागात, गोष्टी या क्रमानं होत. आधी स्वतःच्या माहितीसाठी मेमरी घ्यायची. मग रेग्युलेटर मिळवून चालू करायचा, 20 मिलिसेकंद थांबायचं, इंटरप्टसाठी हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) नोंदवायचा, मापं साठवायचा बफर घ्यायचा, चिपचा ओळख क्रमांक वाचून ती जागी आहे का ते बघायचं, आणि शेवटी वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी डिव्हाइस फाइल उघडून द्यायची.

याच्या जोडीला एक शेल स्क्रिप्ट होती. बोर्ड सुरू झाल्यावर डिव्हाइस फाइल दिसली नाही, तर स्क्रिप्ट ड्रायव्हरच्या बाइंड फाइलमध्ये (ड्रायव्हर चिपला जोडायला लावणाऱ्या फाइलमध्ये) चिपचं नाव लिहून प्रोब पुन्हा चालवायची. जमेपर्यंत दर काही सेकंदांनी.

अडचण

एप्रिल-मेमध्ये वळवाचे पाऊस सुरू झाले आणि तक्रारी यायला लागल्या. वादळ आलं, लाईट गेली, जनरेटर लागला, पुन्हा लाईट आली. पॅनेल सुरू व्हायचं, तापमान दिसायला लागायचं, आणि मग केव्हातरी बंद पडायचं. एका स्टोरेजचे मॅनेजर फोनवर म्हणाले, “साहेब, कॉम्प्रेसर चालू हाय, आत गार हाय, पण मोबाईलवर सकाळपासनं एकच आकडा दिसतोय.” गोठलेला आकडा हा बंद पॅनेलपेक्षा वाईट, कारण बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

सीरियल कन्सोलवरच्या नोंदी गोळा केल्यावर गोंधळ वाढलाच. एका पॅनेलमध्ये कर्नल फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये कोसळलं होतं, दुसऱ्यात मोडेमच्या ड्रायव्हरमध्ये. तिसऱ्यात काहीच संदेश नव्हता: बोर्ड जागच्या जागी थिजलं आणि वॉचडॉगनं (थिजलेलं बोर्ड आपोआप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरनं) रीसेट केलं. कुठं तासाभरात, कुठं चार दिवसांनी. एडीसीच्या ड्रायव्हरचं नाव एकाही नोंदीत नव्हतं.

साहजिकच संशय हार्डवेअरवर गेला. लाईटच्या झटक्यानं रॅम खराब होते, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) हलका आहे, ईएमएमसी (साठवणीची चिप) मरतेय, असे अंदाज झाले. दोन-तीन ठिकाणी बोर्ड बदलले, एका ठिकाणी एसएमपीएस बदलून मोठा बसवला. पुढच्या वादळात तेच घडलं. बदललेले जुने बोर्ड कारखान्यात टेबलावर रात्रंदिवस चालवले, तर एकही बंद पडेना.

इथं थांबून एक सांगायला हवं. कोसळण्याची जागा दर वेळी वेगळी असेल तर रॅमचा संशय येणं चुकीचं नाही. पण तशीच लक्षणं देणारी आणखी एक गोष्ट असते: कर्नलमधला कुणीतरी आपली नसलेली मेमरी लिहितोय. एकानं सोडलेला तुकडा कर्नल दुसऱ्याला देतं. सोडणारा त्यात लिहीतच राहिला, तर कोसळतो तो दुसरा, आणि नोंदीत नावही दुसऱ्याचंच येतं. लाईटशी जोडलेली वेळ आणि टेबलावर न दिसणारा दोष या दोन्ही गोष्टी एकत्र बघितल्या असत्या, तर ‘सुरू होतानाच्या कोडमध्ये काहीतरी आहे’ हा अंदाज आधी करता आला असता.

सुगावा

मला या टप्प्यावर बोलावलं गेलं. कारखान्यातल्या एका तरुण अभियंत्यानं तोवर एका स्टोरेजमध्ये बसून, लाईट गेल्यानंतर नुकत्याच सुरू झालेल्या, अजून न कोसळलेल्या पॅनेलची सगळी माहिती उतरवून आणली होती. कोसळल्यानंतरच्या नोंदी सगळ्यांकडे असतात. कोसळण्याआधीची अवस्था कुणी सहसा जपून ठेवत नाही, आणि या प्रकरणात उपयोगाला तीच आली.

कर्नलची आतली माहिती फायलींच्या रूपात दाखवणाऱ्या प्रॉक फाइल सिस्टिममधल्या इंटरप्ट्सच्या यादीत एडीसीच्या तारेसमोर ड्रायव्हरचं नाव एकदा असायला हवं होतं. तिथं ते स्वल्पविराम देऊन तीनदा छापलं होतं. म्हणजे एकाच तारेवर तीन हँडलर नोंदवलेले. चिप मात्र एकच.

दुसरी खूण सिसफस या तशाच दुसऱ्या फाइल सिस्टिममधल्या रेग्युलेटरच्या पानावर होती. त्या पुरवठ्याचे वापरकर्ते किती, हे तिथं दिसतं. तिथंही आकडा 3.

त्या पॅनेलवर प्रोब दोनदा फसून तिसऱ्यांदा जमला होता. फसलेले दोन्ही प्रोब आपलं सामान मागे ठेवून गेले होते.

मूळ कारण

ओळख क्रमांक वाचण्याच्या पायरीवर चुकीचं उत्तर आलं, तर प्रोब काय करायचा? मेमरी सोडायचा आणि ‘यंत्र नाही’ हा एरर कोड परत द्यायचा. बस. इंटरप्टचा हँडलर नोंदलेलाच राहायचा, रेग्युलेटर चालूच राहायचा, बफर कुणाच्याही नावावर नसलेला पडून राहायचा. आणि नोंदलेल्या हँडलरच्या हातात पत्ता असायचा तो नुकत्याच सोडलेल्या मेमरीचा.

रेग्युलेटर चालूच असल्यामुळे चिप थोड्या वेळानं का होईना जागी व्हायची आणि आपोआप मापं घ्यायला लागायची. प्रत्येक मापाला तार हलायची आणि शिळा हँडलर चालायचा. तो सोडलेल्या मेमरीत वेळ लिहायचा, एक मोजणी वाढवायचा, आणि त्याआधी तिथलं स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत जागच्या जागी वाट बघायला लावणारं कुलूप) घ्यायचा. तेवढ्यात ती जागा फाइल सिस्टिमला मिळाली असेल तर फाइल सिस्टिमची माहिती बिघडायची. स्पिनलॉकच्या जागी कुणी दुसरा शून्य नसलेला आकडा ठेवला असेल, तर हँडलर इंटरप्टमध्येच कायमचा अडकायचा आणि बोर्ड थिजायचं. तिन्ही प्रकारची लक्षणं एकाच ठिकाणाहून येत होती.

मॉड्यूल काढून पुन्हा घातलं असतं तर दोष पहिल्याच दिवशी दिसला असता. हँडलरचा कोडच मेमरीतून गेल्यामुळे पुढच्या इंटरप्टला कर्नल त्याच जागी कोसळलं असतं, ड्रायव्हरचं नाव घेऊन. स्क्रिप्ट मॉड्यूल न काढता फक्त बाइंड करत होती, म्हणून कोड जिवंत राहिला आणि माहिती तेवढी मेली.

पण एक प्रश्न उरतो. पहिल्या फसलेल्या प्रोबनं इंटरप्ट सोडला नव्हता, तर दुसऱ्या प्रोबला तो मिळाला कसा? सामान्यतः कर्नल अशा वेळी ईबिझी, म्हणजे उणे 16, देऊन नकार देतं आणि फ्लॅग्ज (नोंदणीच्या अटी) जुळत नाहीत असा संदेशही छापतं. गिटमधला, म्हणजे कोडमधल्या बदलांचा, इतिहास उघडल्यावर उत्तर मिळालं. ड्रायव्हरच्या पहिल्या आवृत्तीत नेमकं तेच होत होतं. त्या वेळच्या अभियंत्यानं नोंदणीला ‘शेअर्ड’ फ्लॅग लावला आणि लिहिलं होतं, “दुसऱ्यांदा प्रोब होत नव्हता, आता होतो.” त्यानंतर तो नोकरी बदलून पुण्याला गेला.

माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. शेअर्ड फ्लॅग एकाच तारेवर खरोखर दोन यंत्रं बसलेली असतात तेव्हासाठी आहे. अशा वेळी हँडलरनं आधी आपल्या यंत्राला विचारायचं असतं, ‘हाक तू मारलीस का?’, आणि नसेल तर ‘माझा नाही’ असं उत्तर द्यायचं असतं. कुणीच जबाबदारी घेत नसेल, शेवटच्या 1,00,000 पैकी 99,900 पेक्षा जास्त इंटरप्ट बेवारस गेले असतील, तर कर्नल ती तार बंद करून टाकतं. या ड्रायव्हरचा हँडलर काहीही न तपासता प्रत्येक वेळी ‘झालं काम’ म्हणायचा. त्यामुळे ही शेवटची राखणही कामाला आली नाही. उणे 16 हा आकडा आधीचा हँडलर अजून तिथंच आहे, एवढंच सांगत होता. त्या दिवशी ‘कुणाचा हँडलर?’ हा प्रश्न विचारला गेला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

ड्रायव्हर वाचताना आणखी एक दोष सापडला. रेग्युलेटर मागताना तो मिळाला नाही तर हातात शून्य पत्ता येतो, असं धरून तपासणी लिहिली होती. प्रत्यक्षात तिथं एरर कोडच पत्त्याच्या वेषात येतो. पत्त्यांच्या अवकाशातले शेवटचे 4095 आकडे त्यासाठी राखलेले असतात. शून्याशी तुलना केली तर असा पत्ता खराच वाटतो. मेमरी मागणारी फंक्शन्स शून्य देतात आणि रेग्युलेटर, क्लॉक मागणारी एरर-पत्ता देतात. कोणतं काय देतं ते दर वेळी कागदपत्रांत बघावंच लागतं. रेग्युलेटरचा ड्रायव्हर अजून उभा राहिला नसेल तर उणे 517 येतो. त्याचा अर्थ ‘थोड्या वेळानं पुन्हा विचार’ असा, आणि तो जसाच्या तसा वर परत दिला की कर्नल स्वतःच नंतर प्रोब पुन्हा चालवतं. या बोर्डवर रेग्युलेटर नेहमी आधी तयार असायचा, म्हणून हा दोष कधी उगवला नव्हता.

पर्याय

हंगाम भरात होता. स्टोरेज माल घेऊन भरलेली होती आणि कारखान्याच्या मालकांना दूरवरून कर्नल बदलण्याची भीती वाटत होती. ती भीती रास्त होती. अर्धवट अपडेटनं बंद पडलेलं पॅनेल म्हणजे तिथं मोटारसायकलवरून माणूस पाठवणं, तेही पावसात.

एक विचार होता तो हार्डवेअर बदलायचा: चिपला वेगळा पुरवठा द्यायचा, म्हणजे ती वेळेवर जागी होईल. त्यानं प्रोब फसणं कमी झालं असतं, पण फसला तर काय, हा प्रश्न तसाच राहिला असता. तो बाजूला ठेवला.

ड्रायव्हर दुरुस्त करायचे तीन मार्ग समोर होते. पहिला कर्नलमध्ये रुळलेला, गोटूच्या (सी भाषेतल्या उडी मारायच्या आज्ञेच्या) पायऱ्यांचा: प्रत्येक पायरी फसली की त्या जागेपर्यंत घेतलेलं सगळं उलट्या क्रमानं सोडणाऱ्या लेबलवर उडी मारायची. कर्नलच्या कोडिंग-शैलीच्या दस्तऐवजात याचा स्वतंत्र भाग आहे. लेबलांना ‘एरर1’, ‘एरर2’ अशी नावं न देता तिथं काय सोडलं जातं ते नावात लिहा, असं तिथं सांगितलंय, आणि ते खरंच उपयोगी आहे. मध्ये एखादी पायरी घातली की आकडे सरकतात. ‘रेग्युलेटर बंद’ हे नाव सरकत नाही.

दुसरा मार्ग डेव्हएम कुटुंबातल्या फंक्शन्सचा. ही सोय 2007 मध्ये कर्नलच्या 2.6.21 आवृत्तीत आली. मेमरी, इंटरप्ट वगैरे यंत्राच्या नावावर घ्यायचं. प्रोब फसला किंवा यंत्र सुटलं की कर्नल ते सगळं स्वतः उलट्या क्रमानं सोडतं.

तिसरा मार्ग 2023 मध्ये 6.5 आवृत्तीत आलेल्या, कंसातून बाहेर पडताच आपोआप सोडणाऱ्या सोयींचा. तरुण अभियंत्याला तो फार आवडला होता. पण कर्नल 5.10 चं. शिवाय ही सोय एका फंक्शनपुरत्या घेतलेल्या गोष्टींसाठी, लॉकसाठी उत्तम. प्रोब संपल्यावरही यंत्र असेपर्यंत जगायच्या गोष्टींचा मुख्य प्रश्न तिनं सुटत नाही.

काय केलं

पहिलं पाऊल कर्नलला हातच न लावता टाकलं. स्क्रिप्टमधला बाइंडचा पुनःप्रयत्न काढला आणि त्या जागी ठराविक वेळ थांबून पूर्ण रीबूट ठेवलं. रीबूटनं मागे राहिलेलं सगळं पुसलं जातं. प्रोब फसला तर काही मिनिटं मापं येणार नाहीत, हे मॅनेजर मंडळींना स्पष्ट कळवलं, आणि लाईट गेल्या दिवशी खोलीतला थर्मामीटर बघून वहीत नोंद करायला सांगितलं. मापाची वेळ जुनी झाली की मोबाईलवरचा आकडा करडा व्हावा, हा बदलही तेव्हाच केला. कोसळण्याच्या तक्रारी यानंच थांबल्या.

दुसरं पाऊल गोटूच्या पायऱ्यांचं. डेव्हएमकडे एकदम न जाता हे आधी का? कारण बदल थोडा होता, प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासता येत होती, आणि हंगामात एवढंच धाडस परवडणारं होतं. शेअर्ड फ्लॅग काढला. एरर-पत्त्याची तपासणी नीट केली.

दोष टेबलावर दिसावा म्हणून पॅनेल फ्रीजमध्ये ठेवलं आणि त्याला डिमरस्टॅटमधून हळूहळू चढणारा व्होल्टेज दिला. थंडीत आणि मंद चढत्या पुरवठ्यात चिपचा क्रिस्टल उशिरा सुरू होतो, आणि 20 मिलिसेकंदांत चिप उत्तर देत नाही. जुना ड्रायव्हर फसून-फसून शेवटी तरी चालू व्हायचा. दुरुस्त केलेला ड्रायव्हर कितीही वेळा बाइंड केला तरी चालूच होईना.

यावर सगळे चक्रावले. कारण मात्र सरळ होतं. जुना ड्रायव्हर फसताना रेग्युलेटर चालूच ठेवून जायचा, म्हणून पुढच्या प्रयत्नापर्यंत चिप जागी झालेली असायची. नवा ड्रायव्हर शिस्तीनं पुरवठा बंद करायचा, आणि प्रत्येक प्रयत्नात चिपला पुन्हा तेच अपुरे 20 मिलिसेकंद मिळायचे. अपुरी वाट बघणं हा एक दोष, पुरवठा न सोडणं हा दुसरा, आणि दुसरा दोष पहिल्याला झाकत होता.

इथं पुन्हा तोच प्रसंग उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, “रेग्युलेटर बंद करायची तेवढी एक ओळ काढूया की. चालतंय तसं.” आणि खरंच चालत होतं. कारखान्यातल्या ज्येष्ठ अभियंता मॅडमनी ते होऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं होतं, “सोडायची ओळ काढून काम होत असेल तर घेण्याच्या बाजूला काहीतरी चुकतंय. ते शोधा.” मग ठराविक 20 मिलिसेकंदांच्या जागी, ओळख क्रमांक बरोबर येईपर्यंत थोड्या-थोड्या वेळानं विचारत राहायचं, कमाल अर्धा सेकंद, असं केलं. फ्रीजमधलं पॅनेल पहिल्याच प्रोबला उभं राहिलं.

हा ड्रायव्हर आधी कुपवाडच्या आसपासच्या, पटकन जाता येईल अशा पॅनेलवर घातला, मग टप्प्याटप्प्यानं बाकीच्यांवर.

तिसरं पाऊल, डेव्हएमचं, हंगाम ओसरल्यावर. इथं एक सापळा होता आणि त्यात पाय पडलाच. पहिल्या मसुद्यात मुख्य मेमरी आणि इंटरप्ट डेव्हएमवर नेले, पण बफर सोडणं आणि रेग्युलेटर बंद करणं रिमूव्ह फंक्शनमध्ये, म्हणजे यंत्र सोडताना चालणाऱ्या भागात, हातानं करायचं ठेवलं. वाचायला निर्दोष वाटतं. पण डेव्हएमच्या गोष्टी सुटतात त्या रिमूव्ह पूर्ण झाल्यानंतर. म्हणजे आधी बफर गेला, मग पुरवठा गेला, आणि सगळ्यात शेवटी इंटरप्ट. मधल्या क्षणी माप आलं तर हँडलर सोडलेल्या बफरमध्ये लिहिणार. मूळ आजार नव्या रूपात परत आला होता, या वेळी उतरत्या वाटेवर.

तो पकडला चाचणीच्या बिल्डनं. कर्नलमध्ये शेअर्ड इंटरप्ट सोडताना हँडलर मुद्दाम एकदा जादा चालवून बघायची सोय आहे. म्हणून चाचणीच्या बिल्डपुरता शेअर्ड फ्लॅग परत लावला. केसॅन हे कर्नलची मेमरी तपासणारं साधन चालू होतं, म्हणजे सोडलेल्या मेमरीला कुणी हात लावला की ती कुणी घेतली, कुणी सोडली आणि आता कोण लिहितंय, या तिन्ही ठिकाणांची यादी मिळते. पहिल्याच अनबाइंडला, म्हणजे ड्रायव्हर चिपपासून सोडवताना, अहवाल आला आणि हँडलरचं नाव त्यात स्पष्ट होतं.

अंतिम क्रम असा ठरला. मेमरी आणि बफर दोन्ही डेव्हएमवर, सगळ्यात आधी. रेग्युलेटर चालू केल्या-केल्या ‘बंद करा’ ही कृती यंत्राच्या नावावर नोंदवायची. त्यासाठीचं डेव्हएम फंक्शन असं आहे की नोंदणीच फसली तर ते ती कृती लगेच चालवून टाकतं, त्यामुळे तिथंही काही मागे राहत नाही. मग ओळख क्रमांक तपासायचा. इंटरप्ट त्यानंतर, म्हणजे हँडलर नोंदला जाईल तेव्हा त्याला लागणारं सगळं हजर असेल. डिव्हाइस फाइल अगदी शेवटी, कारण ती दिसताक्षणी कुणीही प्रोग्रॅम उघडू शकतो. रिमूव्ह फंक्शनमध्ये काही उरलंच नाही, म्हणून ते काढून टाकलं.

चाचणीसाठी ड्रायव्हरला एक पॅरामीटर दिला: कितव्या पायरीवर मुद्दाम फसायचं. पहिल्या पायरीपासून शेवटच्यापर्यंत एकेक आकडा देऊन प्रोब चालवायचा आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टी बघायच्या. इंटरप्टच्या यादीत नाव उरलं का, रेग्युलेटरचे वापरकर्ते शून्यावर आले का, आणि केमेमलीक या कर्नलच्या साधनाला बेवारस मेमरी दिसते का. स्क्रिप्ट लहान आहे आणि आता प्रत्येक बिल्डला चालते. याच्या जोडीला कर्नलची आणखी एक चाचणी चालू ठेवली. ती प्रत्येक ड्रायव्हर जोडताना प्रोब, रिमूव्ह, पुन्हा प्रोब असा फेरा स्वतःच करते.

निष्पत्ती

पुढच्या वळवाच्या हंगामात लाईट तशीच ये-जा करत होती. पॅनेल लाईट आल्यावर पहिल्या प्रोबला उभी राहिली. क्वचित एखादी राहिली नाहीत ती रीबूट होऊन आली. वेगवेगळ्या जागी कोसळण्याच्या नोंदी आल्या नाहीत. बदलून आणलेले बोर्ड तपासून पुन्हा वापरात गेले. त्यांत काहीही खराब नव्हतं.

मालकांना खर्चाचा हिशेब लागला तो बोर्ड, एसएमपीएस आणि फेऱ्यांचा. मॅनेजर मंडळींचा विश्वास परत यायला जास्त वेळ लागला. काही ठिकाणी थर्मामीटरची वही अजून चालू आहे आणि कारखान्यानं ती बंद करा असं सांगितलेलं नाही. ते मला योग्य वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

शेअर्ड फ्लॅगचा बदल एकट्यानं केला आणि एकट्यानंच मुख्य शाखेत घातला. दुसऱ्या कुणी तो वाचला असता तर ‘या तारेवर दुसरं यंत्र कोणतं?’ हा प्रश्न आलाच असता. आता कारखान्यात नियम केलाय की एरर कोड नाहीसा करणाऱ्या प्रत्येक बदलाच्या संदेशात, तो कोड कुठून आणि का येत होता हे लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर बदल घ्यायचा नाही.

कोसळणाऱ्या पॅनेलपैकी एकावर केसॅनचं बिल्ड पहिल्या आठवड्यातच घालायला हवं होतं. ते मंद चालतं, मेमरी खातं, ग्राहकाकडे घालावंसं वाटत नाही, हे सगळं मान्य. पण हार्डवेअर बदलण्याचा प्रयोग त्याहून महाग पडला, आणि त्यातून माहिती काहीच मिळाली नाही.

डेव्हएमकडे थेट जायला हवं होतं का, यावर आमच्यात मतभेद आहेत. तरुण अभियंत्याचं म्हणणं, गोटूच्या पायऱ्या लिहिण्यात गेलेली मेहनत वाया गेली, कारण नंतर त्या सगळ्या काढल्याच. मला तसं वाटत नाही. पायऱ्या हातानं लिहिल्यामुळे कुठली गोष्ट कुणावर टेकून आहे हे प्रत्येकाच्या डोक्यात बसलं, आणि तिसऱ्या टप्प्यातला सापळा अहवाल हाती येताच दोन मिनिटांत उमगला. डेव्हएम क्रम पाळतं, पण क्रम ठरवून देत नाही. तो आपणच घेण्याच्या क्रमातून सांगायचा असतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एखाद्या प्रोग्रॅमनं डिव्हाइस फाइल उघडून ठेवली असताना यंत्र अनबाइंड केलं, तर डेव्हएम मुख्य मेमरी सोडून देतं आणि प्रोग्रॅमच्या पुढच्या वाचनाला ड्रायव्हर त्याच सोडलेल्या मेमरीत हात घालतो. फाइल उघडी असताना मॉड्यूल काढायला कर्नल नकार देतं, पण अनबाइंडला देत नाही. इथं मेमरी डेव्हएमवर असणंच चूक आहे. ती वापरणाऱ्यांची मोजणी ठेवून, शेवटचा वापरणारा गेल्यावर सोडायला हवी. तूर्त ग्राहकाकडच्या बिल्डमध्ये बाइंड-अनबाइंडच्या फायलीच बंद करून ठेवल्या आहेत. चाचणीच्या बिल्डमध्ये त्या उघड्या ठेवाव्या लागतात, कारण त्या बंद असल्या की प्रोब-रिमूव्ह-प्रोबची चाचणीही तो ड्रायव्हर वगळते. मोजणीचा बदल तरुण अभियंत्यानं लिहायला घेतलाय. त्याचा पहिला मसुदा मॅडमकडे वाचायला आहे.